नळ कुणी बंद केला

११ फेब्रुवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस. भावोजी उचलतात, "ती मुलांच्यात आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. म्हणून हे पत्र, आईच्या हाती. शाळेत मास्तरांनी लिहायला लावलं होतं त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी एक स्पष्ट करतो. मी तुझं नाव घेतलेलं नाही. 'बहीण' एवढंच म्हणालो. बहिणी काय, सगळ्यांना असतात.

तू तिथे कधी आली नाहीस म्हणून सांगतो. रविवारी दुपारी फर्निचरचं दुकान बंद असतं, त्याच्या तळघरात आम्ही जमतो. वर सोफे आणि कपाटं, खाली दोनशे पोरं, एक खिडकी आणि घामाचा वास. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, ना संगीत ना माइक, आणि दीड-दीड मिनिट यमकात एकमेकांची अब्रू काढायची. अशा तीन फेऱ्या. पोरं ज्याच्यासाठी जास्त ओरडतील तो जिंकला. याला बॅटल म्हणतात. नियम एकच, बोलशील ते खरं असलं पाहिजे. खोटं बोललेला सापडला तर तो संपला, त्याला परत कुणी उभं करत नाही. सात वर्षं मी तिथे 'गंज' या नावाने उभा आहे आणि आजवर मला कुणी खोटा म्हटलेलं नाही.

त्या रविवारी समोर ढेकूण होता. टायरच्या दुकानात पंक्चर काढतो, पण जीभ अशी की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. शुक्रवारी माझा बीटवाला, म्हणजे जो माझ्या गाण्यांना ठेका बनवून देतो तो, मला म्हणाला, "जपून. तुझ्या घरातलं काहीतरी लागलंय त्याच्या हाती." आता तूच सांग, आपल्या घरात लपवण्यासारखं आहे काय? एकच गोष्ट आहे. ती तुला माहीत आणि मला. मी काही बोललो नव्हतो. मला वाटलं तूच कुणाजवळ तरी बोलून बसलीस.

त्यात नाणेफेक मी हरलो, म्हणजे आधी मी बोलायचं. अशा वेळी आमच्यात एक पद्धत आहे. समोरचा आपल्याबद्दल जे वाईट बोलणार, ते आपणच आधी बोलून टाकायचं. मग त्याच्या हातात काही उरत नाही. मी तेच केलं. बाळंतपणानंतर माझी बहीण आतून विझली होती, दोन महिन्यांच्या लेकीला टबात ठेवून, नळ सोडून ती निघून गेली, आणि मी धावत जाऊन नळ बंद केला. ढेकूण बोलला असता तर तुला राक्षसीण करून सोडलं असतं. मी निदान प्रेमाने बोललो.

थोडक्यात काय, मी तुला वाचवलं. शांतपणे विचार कर म्हणजे पटेल.

छोट्या


२६ फेब्रुवारी

ताई,

आई म्हणाली की पत्र तू घेतलंस, पण वाचलंस की नाही ते तिला माहीत नाही. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. "ताट धुऊन ठेव." "दार लाव." तिला नऊ वर्षं काहीच ठाऊक नव्हतं आणि तिला ते शेजारणीच्या मोबाइलवर कळलं, याचा राग तिला जास्त आहे.

तुझ्या पाळणाघरातल्या अकरा मुलांतली चारच उरली, हेही तिनेच सांगितलं. मला खरंच वाटलं नव्हतं की असं होईल. तळघरातली गोष्ट तळघरात राहते असं मी धरून चाललो होतो. व्हिडिओ टाकणारे काका, म्हणजे जे हे सगळं भरवतात ते, त्यांना मी काढायला सांगितलं. ते हसले. म्हणाले, "सात वर्षांत पहिल्यांदा कुणी आपल्याला विचारतंय आणि तू काढायला सांगतोस?"

आमच्या धुलाईखान्यातसुद्धा पोचलं. तुला माहीत आहे मी काय करतो. हॉस्पिटलच्या चादरी येतात, त्या उलगडून झटकायच्या, आत सुई-कापूस राहिला असेल तर वेचायचा, रक्ताच्या वेगळ्या, बाकीच्या घाणीच्या वेगळ्या. आठ वर्षं मी त्यात हात घालतोय आणि मला कधी किळस आली नाही. परवा आली. मुकादम मशीन थांबवून सगळ्यांसमोर ओरडला, "नळ कुणी बंद केला?" आणि सगळे एका सुरात, "गंजने!" हे आता सगळीकडे असंच चालतं. मी शेवटच्या ओळीला प्रश्न टाकला होता आणि दोनशे पोरांनी उत्तर दिलं होतं, ते लोकांना आवडलं. रस्त्यात पोरं ओरडतात. एकाने बनियनवर छापून घेतलंय, त्यात नळाचं चित्र आहे. शी.

एक कंपनीवाला येऊन भेटला. त्याला याचं नीट गाणं करायचंय. सुरुवातीला पाणी पडल्याचा आवाज, मग ठेका. इस्त्रीचा शर्ट, गोड गोड बोलणं. शेवटी मला विचारतो, "तुमच्या सिस्टर दोन वाक्यं बोलतील का? रडत वगैरे? एकदम टच होईल." मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

थुंकलो नाही. विचार करतो म्हणालो.

छोट्या


९ मार्च

ताई,

हे पत्र लिहू नये असं वाटत होतं. पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं.

त्या दिवशी माझं झाल्यावर ढेकूण नुसता उभा राहिला. "माझ्याकडे काही नाही" म्हणाला आणि बाजूला झाला. सगळ्यांना वाटलं त्याचा सगळा दारूगोळा मी आधीच उडवला. मलाही तेच वाटलं. पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं.

काल सायकल पंक्चर झाली म्हणून त्याच्या दुकानात गेलो. खोटं कशाला, सायकल धड होती. मला ऐकायचं होतं की त्याला हे कुणी सांगितलं. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "काय सांगितलं?"

"माझ्या बहिणीचं."

"मला तुला बहीण आहे हेच माहीत नव्हतं."

मग त्याने हात पुसले आणि मागच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. सोळा ओळी होत्या. सगळ्या माझ्या केसांवर. माझे केस अजून आई कापते, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. हेच ते आपल्या घरातलं. 'हा शहराला भादरायला निघाला छाती काढून, याला घरी आई भादरते टॉवेल गळ्यात घालून.' चांगलं लिहितो साला. मी तिथे उभ्या उभ्या हसलो, आणि मग हसू थांबेना, आणि मग त्याने मला स्टुलावर बसवलं.

तो म्हणाला, "तू ते बोललास तेव्हा मला वाटलं हा केसांचा कागद खिशात ठेवल्याची मलाच लाज वाटायला हवी." मग म्हणाला, "पण तू का बोललास रे?"

मी त्याला पद्धत सांगितली. त्याला पद्धत माहीत आहे. त्याने मला चहासुद्धा विचारला नाही.

तेव्हा तू कुणाजवळ काही बोलली नव्हतीस. पहिल्या पत्रातलं ते वाक्य खोडलेलं समज.

छोट्या


२१ मार्च

ताई,

काल दुपारी तुझा नंबर दिसला. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून चादरींच्या गाड्याआड जाऊन बसलो. म्हटलं, आता शिव्या घालेल. घाल म्हटलं, बये, एकदाच्या घाल.

तू नव्हतीस. "मामा, मी मुंगी."

केवढा मोठा झालाय तिचा आवाज. शाळेत सगळे तिला विचारतात म्हणाली. वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी तो प्रश्न ओरडतात. रडत नव्हती. गणितातलं काही विचारावं तसं तिने विचारलं, "मामा, नळ तू बंद केलास?"

मी म्हणालो, "हो."

"नक्की?"

"हो गं."

मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "बरं. थँक्यू, मामा," आणि ठेवला.

थँक्यू म्हणाली मला! मी गाड्याला धरून उठलो आणि पहिल्यांदा नोकरीवर लागल्यासारखा ओकलो. कुठल्या तरी आजाऱ्याच्या चादरीवर. नवा आलेला कामगार म्हणाला, होतं असं सुरुवातीला.

नऊ वर्षांच्या पोरीला मी काय सांगायला हवं होतं? ती घाबरली असती. तिला कुणीतरी वाचवलं हे ऐकून बरं वाटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतोय. पण मी हो म्हणायला नको होतं, हे तुला माहीत आहे. तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

छोट्या


४ एप्रिल

ताई,

आज सगळं लिहितो. आपल्या दोघांत हे कधी शब्दांत बोललं गेलं नाही, म्हणूनच मी त्याचं वाटेल ते करू शकलो.

आई कामावर होती. मी सतरा वर्षांचा, कानात हेडफोन, पहिलंवहिलं गाणं लिहीत बसलेलो. तू दारात आलीस. केस तीन दिवसांचे, ब्लाउज दुधाने ओला. म्हणालीस, "छोट्या, हिला पाच मिनिटं धर. माझ्या डोक्यात काहीतरी होतंय." मी एक कान मोकळा करून म्हणालो, "दोन ओळी राहिल्यात." तू तिसऱ्यांदा सांगायला आली होतीस. आधीच्या दोन्ही वेळी मी मानही वर केली नव्हती.

नळ सुरू झालेला मला ऐकू आला नाही. दार उघडल्याचंही नाही. जिन्यावरून पळत वर येणारी पावलं ऐकू आली नाहीत. मी हेडफोन काढले ते तू माझ्या दारात उभी होतीस म्हणून. अनवाणी, मुंगीला स्वतःच्या ओढणीत गुंडाळून छातीशी धरलेलं, दोघी ओल्या, ती रडत होती आणि तू नव्हतीस. तू म्हणालीस की एक मजला उतरलीस, पायरीवर बसलीस आणि परत आलीस. नळ तू बंद केलास. मी जागचा हललोसुद्धा नव्हतो.

मग तू म्हणालीस, "कुणाला सांगू नकोस. मीही आईला सांगणार नाही की तू घरात असून काय करत होतास." तू नऊ वर्षं तुझा शब्द पाळलास. मी माझा मोडला, आणि मोडताना तुझं परत येणं उचलून माझ्या नावावर केलं.

आणखी एक. मागे लिहिलं की त्या कंपनीवाल्याला विचार करतो म्हणालो. ते गाणं झालंय. महिनाभरात बाहेर येईल. पाण्याचा आवाज आपल्याच न्हाणीघरातला आहे. मी आणि बीटवाल्याने आई बाजारात गेल्यावर टब ठेवून घेतला. तीनदा घेतला, पहिल्या दोन वेळी पाणी फार जोरात पडत होतं.

इतकं लिहिल्यावर खाली काय सही करायची ते कळत नाही.


१७ एप्रिल, शुक्रवार

ताई,

मी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. रविवारी ढेकणाशी परत बॅटल आहे, लोकांनीच मागणी केली. पण परवा बसमध्ये माझ्या लक्षात आलं की मी ते यमकात बसवतोय. 'दोन ओळी राहिल्यात' ही काय ओळ आहे, असं मनात आलं. चक्क आनंद झाला. तिकिटाच्या मागे लिहून घेतली. मग ते तिकीट चावून थुंकलं. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

कारण मी बोललो तर काय होणार हे मला पाठ आहे. आधी शांतता. मग एकजण टाळी वाजवेल. मग, केवढा खरा माणूस! त्यावर आणखी एक गाणं. माझ्या तोंडातून काहीही निघालं तरी त्यातून माझं भलंच होतं, एवढी या तोंडाची घाण झालीय.

म्हणून ते मी ढेकणाला दिलं. सगळं कागदावर लिहून. तो बोलेल तर ते माझ्या विरुद्ध असेल, लोक ते खरं मानतील, आणि मी संपेन. मुंगीपर्यंतही तेच पोचेल.

तो नको म्हणाला. "तुझ्या घरचा चिखल माझ्या हाताला कशाला?" मग विचारलं, "बहिणीला विचारलंस?" मी हो म्हणालो. नाहीतर त्याने घेतलंच नसतं. तेव्हा आता तुला विचारतोय असं समज. काही म्हणायचं असेल तर रविवारी दुपारी दोनच्या आत आईला सांग.

छोट्या


२० एप्रिल

ताई,

झालं.

ढेकणाने यमक वापरलं नाही. साध्या आवाजात बोलला. अर्ध्यावर पोरांनी सवयीने प्रश्न ओरडला आणि सवयीने माझं नाव घेतलं. तो थांबला. म्हणाला, "हा खोलीत बसला होता. ती परत आली. तिने बंद केला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खोटं असेल तर सांग." माझ्या तिन्ही फेऱ्या मी तोंड मिटून उभा राहिलो. साडेचार मिनिटं किती मोठी असतात ते मला काल कळलं. पहिल्यांदा बाटलीचं झाकण आलं, मग बाटली. बनियनवाल्याने बनियन काढून माझ्या तोंडावर फेकलं. काका म्हणाले, मागच्या जिन्याने जा आणि परत दिसू नकोस. कंपनीवाल्याचा रात्रीच निरोप आला, गाणं रद्द.

सात वर्षं गेली, ताई, पण काय सांगू, आज फार हलकं वाटतंय. अंघोळ केल्यासारखं. व्हिडिओ पसरलाय, लोक तुझ्याबद्दल चांगलं लिहितायत. एका बाईने लिहिलंय, त्या आईला माझा नमस्कार सांगा. सांगतो.

मी तुझ्यासाठी सगळ्यावर पाणी सोडलं. आता तरी फोन उचल.

तुझाच,
छोट्या


२ मे

छोट्या,

तुझी सातही पत्रं वाचली. आईला सांगितलंय, आठवं आणू नकोस.

शुक्रवारी लिहिलेलं पत्र मला सोमवारी मिळालं. आईला रविवारी गुडघ्यामुळे यायला जमलं नाही. मिळालं असतं तर मी नको म्हणाले असते. मला त्या बाईचा नमस्कारही नको. आधी दोनशे पोरांनी मला शिव्या दिल्या, मग त्याच दोनशे पोरांनी मला ओवाळलं, आणि दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही. तुझं हलकं झालं ते ऐकलं. ते ओझं कुठे ठेवलंस ते बघ एकदा.

मुलं सहा आहेत आता. पाळणाघर चालवते मी, चालेल.

एक गोष्ट तुला माहीत नाही म्हणून हे लिहायला बसले. तो पहिला व्हिडिओ आला त्याच संध्याकाळी मी मुंगीला समोर बसवून सगळं सांगितलं. शाळेत कळण्याआधी. माझं डोकं कसं झालं होतं, मी काय केलं, कितव्या पायरीवर बसले, कशी परत आले. तू काय करत होतास तेही. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी माझ्या कुशीत येऊन झोपली.

तिने तुला फोन केला तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी शेजारीच बसले होते. मी तिला म्हटलं होतं, मामा चुकलाय पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. म्हणून ती दुसऱ्यांदा 'नक्की?' म्हणाली. तुला वाट करून देत होती पोरगी. एका शब्दाचं काम होतं, तेही तळघरात नाही, तिच्या कानात.

फोन ठेवून ती मला म्हणाली, "आई, तू हरलीस."

तुझा नंबर मी काढून टाकला होता, तिने कुठेतरी लिहून ठेवलाय. उद्या शाळेतून आली की ती तुला फोन करणार आहे. काय विचारायचं ते तिचं ठरलंय, मला सांगत नाही. या वेळी मी शेजारी बसणार नाही.

उचल.

ताई